अप्पांच्या अँटीबॉडीज

आमच्या जिन्यातला दिवा कायम गेलेला असतो, त्यामुळे जिन्यात भेटणारा माणूस आधी आवाजाने भेटतो आणि मग तोंडाने. त्या संध्याकाळी वरून आवाज आला, "काय, यंदाही टोचणार का वडिलांना?" हे आमच्या समोरच्या दारातले प्राध्यापक. निवृत्त झाल्यापासून त्यांना विद्यार्थी मिळत नाहीत, म्हणून ते शेजाऱ्यांना शिकवतात. विषय कुठलाही चालतो.

"टोचणार म्हणजे काय! फ्लूची लस मी त्यांना दरवर्षी देतो. एक वर्ष चुकवलेलं नाही," मी म्हणालो. हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो. माणसाला अभिमान बाळगायला फार गोष्टी नसल्या की आहेत त्या तो नीट वापरतो.

"तीच तर गोची आहे," प्राध्यापक अंधारातून म्हणाले. "दरवर्षी! अहो, शरीर कंटाळतं. पहिल्यांदा पाहुणा आला की घर कसं उठून बसतं, खुर्ची पुसतं, पाणी देतं. तोच पाहुणा दरवर्षी यायला लागला की कोणी पेपरातून मान तरी वर काढतं का? लशीचं तसंच आहे. वाचा जरा."

आणि ते खाली निघून गेले. मी तिथेच पिशवी धरून उभा.

एरवी मी प्राध्यापकांचं काही मनावर घेत नाही. झुरळांना संगीत सहन होत नाही, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं आणि मी आठवडाभर स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवला होता. झुरळं वाढली. पण फ्लूची गोष्ट वेगळी होती. गेल्या हिवाळ्यात, लस घेतलेली असूनही, माझे वडील फ्लूने आडवे झाले होते. इस्पितळात नाकाला नळी लावून ते पडले होते आणि मी बाहेर बसून भिंतीवरचं 'शांतता राखा' पुन्हा पुन्हा वाचत होतो. ते बरे होऊन घरी आले, पण माझ्या पोटातली भीती काही घरी आली नाही, ती तिथेच कुठेतरी राहिली आणि अधूनमधून फोन करते. अप्पांनी ऐंशी ओलांडली आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मला पन्नाशीत 'गुंड्या' म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय, आणि येणाऱ्या हिवाळ्यातून ते माणूस धडधाकट बाहेर यावं, यापलीकडे माझं काही मागणं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, या प्रश्नाचा छडा लावायचा. घरात मात्र बोललो नाही. माझी बायको शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिच्यापुढे एखादा विषय काढला की त्याचा ठराव होतो आणि अंमलबजावणी माझ्याकडे येते. मुलगी, चिऊ, बँकेत लागल्यापासून घरी फक्त कपडे बदलायला येते. तेव्हा हे काम माझं एकट्याचं. शिवाय मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोक कागद पाठवतात आणि त्यात काय सांगायचं राहिलंय ते मी शोधून काढतो. 'माहिती अपूर्ण' हा शिक्का माझ्या टेबलावरचा सर्वांत झिजलेला शिक्का आहे. अशा माणसाला एक लस काय जड होती?

सल्ला मागायला सुरुवात केली ही पहिली चूक. खरं तर मी मागितला नाही, फक्त जिन्यात उसासा टाकला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारलं काय झालं, आणि सगळं ऐकून घेऊन निकाल दिला, "एक वर्ष खंड पाडा. माझ्या नवऱ्याशी मी असंच करते. चार दिवस बोलत नाही, की पाचव्या दिवशी माझं सगळं ऐकतो." केस कापणारा म्हणाला, अर्धीच लस घ्यायची, म्हणजे शरीराला चटक लागते. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "हा माझा विषय नाही," आणि मग चहा थंड होऊन त्यावर साय धरेपर्यंत बोलले. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं कामाचं निघालं. गावातल्या मोठ्या इस्पितळात याच प्रश्नावर संशोधन चालू होतं. दरवर्षी लस घेणारी वयस्कर माणसं त्यांना हवी होती. लशीआधी रक्त घ्यायचे, मग लस द्यायचे, मग महिन्याभराने पुन्हा रक्त घेऊन शरीराने किती नव्या अँटीबॉडीज केल्या ते मोजायचे.

मला एकदम हलकं वाटलं. अप्पांना तिथे न्यायचं. म्हणजे लसही होईल, मोजमापही होईल आणि प्राध्यापकांच्या तोंडावर आकडा मारता येईल.

आता अप्पांबद्दल. अप्पांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यामुळे कुठल्याही इमारतीत गेलं की ते आधी लिफ्टची चौकशी करतात, माणसांची नंतर. इस्पितळात आम्ही शिरलो तेव्हा नोंदणीच्या खिडकीसमोर मी रांगेत आणि अप्पा लिफ्टच्या बंद दाराला कान लावून उभे. "गुंड्या, हिला तेल पाहिजे रे," ते तिथूनच ओरडले. रांगेतल्या सगळ्यांनी गुंड्या कोण ते वळून पाहिलं. मी टाय लावून गेलो होतो.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"मुलगा."

"पुरावा?"

मी म्हणालो, "बाई, तोंडं बघा." आमची नाकं सारखी आहेत आणि ती दुरून दिसतात. बाईंनी दोन्ही नाकं पाहिली आणि नाकाला शिक्का नसतो असं सांगितलं. मग माझं ओळखपत्र, त्यावर वडिलांचं नाव, वडिलांच्या ओळखपत्रावर मात्र त्याच नावातलं एक अक्षर कमी, म्हणून दुसऱ्या मजल्यावर जाऊन हे दोघे एकच आहेत असं लिहून आणा. दुसऱ्या मजल्यावर उत्तर मिळालं, ते तळमजल्यावर मिळतं. अप्पांना या सगळ्याचा काही त्रास नव्हता, कारण प्रत्येक वेळी लिफ्टमधून जायला मिळत होतं. शेवटी संमतीसाठी नात्यात नसलेला साक्षीदार लागला. पायाचा अंगठा मोडलेले एक गृहस्थ तयार झाले, पण सगळं समजल्याशिवाय मी सही करत नाही म्हणाले. मी त्यांना लस, पाहुणा, खुर्ची पुसणारं घर, सगळं समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या सासुरवाडीसारखं," आणि सही केली.

संशोधन करणाऱ्या डॉक्टर म्हणजे चिऊच्याच वयाची, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी मुलगी. मला ती लगेच आवडली. तिने अप्पांना विचारलं, "आजोबा, यंदाची लस अजून घेतलेली नाही ना?"

अप्पांनी तोंड उघडलं. "अगं, त्याचं असं झालं—"

"अप्पा, तुम्ही जरा गप्प बसा, मी सांगतो," मी म्हणालो. तिच्याकडे वळून मी हसलो, जसे मोठे लोक म्हाताऱ्यांबद्दल एकमेकांकडे बघून हसतात तसा. "नाही घेतलेली. यांचं सगळं मीच बघतो."

अप्पांनी तोंड मिटलं. नंतर सिस्टर सुई घेऊन आल्या तेव्हा ते म्हणाले, "डाव्या दंडाला नको हं, तो ठणकतोय अजून, उजव्याला द्या." मी सिस्टरकडे बघून पुन्हा तसाच हसलो.

टोचून झाल्यावर निरीक्षण. म्हणजे काही रिअ‍ॅक्शन येते का ते बघायला अर्धा तास तिथल्याच बाकड्यावर बसायचं, हलायचं नाही, सोबतच्या माणसानेही जायचं नाही. सिस्टर कडक होत्या. अप्पा ऐसपैस बसले आणि बोलायला लागले, कुठल्याशा जुन्या लिफ्टबद्दल. ऑफिसातून सारखे फोन येत होते, मी एका कानाने साहेबांना हो म्हणत होतो आणि दुसऱ्या कानाने अप्पांना. अर्धा तास झाला तेव्हा अप्पा म्हणाले, "झाला पण?" मी म्हणालो, "हो, सुटलो."

महिन्याभराने दुसऱ्यांदा रक्त दिलं, आणि मग एके दिवशी दुपारी त्या डॉक्टर मुलीचा फोन आला.

"तुमच्या वडिलांच्या रक्ताबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली. "लस देण्याआधीचा जो नमुना आहे ना, त्यातच अँटीबॉडीज इतक्या जास्त आहेत की आम्ही पुन्हा मोजल्या. या वयात एवढ्या आम्ही पाहिलेल्या नाहीत. त्यामुळे लशीनंतर वाढ जवळजवळ—"

'वाढ' या शब्दापुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढे प्राध्यापकांचा चेहरा आला होता. तिने पुढे विचारलं ते मात्र ऐकलं. "यंदा त्यांनी आधी कुठे लस घेतली नव्हती, हे नक्की ना?"

"बाई," मी म्हणालो, "मी दावे तपासतो."

यापुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे हे मला मान्य आहे, पण इमारतीचाही थोडा हात होता. मी फक्त प्राध्यापकांना सांगितलं. प्राध्यापकांचा मुद्दा पडला होता, पण खरा विद्वान माणूस पडलेल्या मुद्द्यावर बसून नवा मुद्दा काढतो. त्यांनी जाहीर केलं की अप्पा ही एक दुर्मीळ केस आहे. काकू विचारायला आल्या की अप्पा सकाळी काय खातात. मी खरं ते सांगितलं, भिजवलेली पोळी आणि दूध. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या नवऱ्याला भिजवलेली पोळी मिळायला लागली, आणि तो बिचारा जिन्यात मला भेटला की मान फिरवायचा. दातांचे डॉक्टर अप्पांचे दात बघून गेले. केस कापणाऱ्याने अप्पांचे केस मोठ्या आदराने, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घेऊन कापले, म्हणजे कापण्यासारखे जे काही होते ते.

आणि मग ठरलं माझं भाषण. कल्पना प्राध्यापकांची, पण ती ऐकून मी जितक्यांदा नाही-नाही म्हणालो तितक्यांदा कोणी खरं नाही म्हणत नाही. तळमजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत, रविवारी सकाळी. विषय, 'वार्षिक लसीकरण : एका मुलाचा अनुभव'. फळा आणला. मी त्यावर दोन घरं काढली, एक पाहुणा आल्यावर उठून बसलेलं आणि एक आधीच खुर्ची पुसून तयार असलेलं. अप्पांना पुढे खुर्चीत बसवलं. त्यांनी स्वेटर घातला होता आणि लोक आपल्याकडे का बघताहेत हे कळत नसल्याने ते प्रत्येकाकडे बघून मान डोलवत होते. बायको आणि चिऊ मागे बसल्या होत्या. दोघी दिवसभर बाहेर असल्याने त्यांच्या कानावर काही आलं नव्हतं, आणि मी आदल्या दिवशी फक्त "उद्या खाली या, कळेल" एवढंच सांगितलं होतं.

मी छान बोलत होतो. "मित्रहो," मी म्हणालो, "काही म्हणतात शरीर कंटाळतं. माझ्या वडिलांचं शरीर कंटाळलं नाही. लस दंडात जाण्याआधीच ते सज्ज होतं! दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना यंदाची पहिली लस दिली, तेव्हा—"

"पहिली?" मागून बायको म्हणाली.

शाळेत हाच आवाज ऐकून वर्ग उभा राहतो. इथेही दोन-तीन जण उभे राहिले.

"अहो, पहिली कशी? त्याआधीच मी त्यांना शाळेजवळच्या आरोग्य केंद्रात नेऊन लस दिली होती. गेल्या वर्षीसारखं नको व्हायला म्हणून सुरुवातीलाच. तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही दाढी करत होतात, हूं म्हणालात."

"आई, काय?" चिऊ उभी राहिली. "पण मी आजोबांना आमच्या बँकेच्या शिबिरात नेलं होतं! घरच्यांसाठी ठेवलं होतं ते. बाबा, मी ग्रुपवर टाकलं होतं, फोटोसकट. बाबा, तू ग्रुप वाचत नाहीस का?"

मी तो ग्रुप आवाज बंद करून ठेवला आहे. कारण माझे चुलतभाऊ त्यावर रोज फुलं टाकतात. बायको तर त्यातून केव्हाच बाहेर पडली आहे.

खोलीत एकदम हसू फुटलं. प्राध्यापकांनी उठून, मोठ्या मनाने, फळ्यावरच्या माझ्या घरासमोर आणखी दोन पाहुणे काढले. काकूंचा नवरा इतका हसला की त्याला बाहेर न्यावं लागलं, आणि जाताना तो "पोळी! पोळी!" एवढंच म्हणत होता. मी खडू खाली ठेवला. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या कागदांवर 'माहिती अपूर्ण' मारलं, त्याच्या कपाळावर भर सभेत तोच शिक्का बसला होता. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला लाजेपेक्षा भीतीच जास्त वाटली. एका मोसमात तीन लशी. ऐंशीच्या माणसाला. मी अप्पांकडे पाहिलं, तर ते सगळ्यांबरोबर हसत होते.

डॉक्टर मुलीला फोन केला तेव्हा तिने 'तीन' हा आकडा माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मग ती म्हणाली, "सगळ्यांना घेऊन या. कोणी कधी नेलं ते मला नीट हवंय."

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं इस्पितळात. बायकोने पहिला तास सोडला, चिऊने बँकेत उशीर सांगितला. निरीक्षणाच्या बाकड्यावर मधे अप्पा, दोन्हीकडे आम्ही. आम्ही चौघं असे एका ओळीत शेवटचे कधी बसलो होतो ते मला आठवेना.

डॉक्टर मुलीने अप्पांना तपासलं, प्रश्न विचारले, आणि चष्मा डोक्यावर सरकवला. "घाबरू नका. जास्तीच्या लशींनी यांना काही अपाय झालेला दिसत नाही. फक्त गरज नव्हती. दंड दुखले असतील, एवढंच. पण अभ्यासातून यांचं रक्त मला काढून टाकावं लागणार."

"म्हणजे प्राध्यापक बरोबर होते का?" मी विचारलं. मला ते ऐकायचं नव्हतं, पण विचारणं भाग होतं.

"अगदीच खोटं नाही ते," ती म्हणाली. "ज्यांच्या रक्तात आधीच बरीच तयारी असते, त्यांच्यात नव्या लशीनंतरची वाढ कमी दिसते. दरवर्षी घेणाऱ्यांमध्ये काही वर्षी लशीचा उपयोग थोडा कमी झालेला दिसतो, काही वर्षी अजिबात फरक दिसत नाही. का, ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही, म्हणून तर हा खटाटोप. पण न घेण्यापेक्षा दरवर्षी घेतलेली बरी, यांच्या वयाला तर नक्कीच. आणि गंमत सांगू का आजोबा? लहानपणी जो फ्लू तुम्हाला पहिल्यांदा भेटला ना, त्याची ओळख शरीर सगळ्यात घट्ट धरून ठेवतं. पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघतं."

"पहिली भेट ती पहिली भेट," अप्पा समाधानाने म्हणाले.

ती आत गेली. आता माझ्याने राहवेना. "अप्पा," मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं सगळं. तुम्ही विसरला नव्हतात. मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतो की. तू गप्प बस म्हणालास."

"नंतर सांगायचं ना! माझी अख्ख्या इमारतीत शोभा झाली!"

अप्पा स्वेटरच्या बाहीचा धागा ओढत बसले. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर ती बाई म्हणाली असती, जा घरी. मग हा अर्धा तास गेला असता माझा."

"कुठला अर्धा तास?"

"टोचल्यावर बसायचा. गुंड्या, घरी माझ्याजवळ कोण बसतं रे? तुम्ही सगळे चांगले आहात, पण उभ्या-उभ्या बोलता. अप्पा, गोळी घेतली का. अप्पा, पंखा बंद करू का. उत्तर देईपर्यंत माणूस दाराबाहेर. टोचलं की सगळीकडे दम देतात ना, हलायचं नाही, म्हणून सूनबाई बसली. मग चिऊ बसली. मग तू बसलास. एका टोचणीत एवढं मिळतंय, तर मी कशाला नको म्हणू?"

हे ते तक्रार म्हणून सांगत नव्हते. बाजारात स्वस्तात चांगली भाजी मिळाल्यासारखं सांगत होते. ज्या माणसाला हिवाळ्यातून वाचवायला मी गाव पालथं घातलं होतं, त्याच्या शेजारी बसायचं तेवढं माझ्याकडून राहिलं होतं. बायकोने पर्समधून रुमाल काढला. चिऊ आजोबांच्या दंडाला टेकली आणि ते "हळू, लशीचा दंड आहे तो" म्हणाले.

सिस्टर नोंदवही घेऊन आल्या. कोणी कोणत्या दिवशी नेलं होतं ते सांगा म्हणाल्या. बायको म्हणाली, "मला दिवस आठवतो तो त्या गोष्टीमुळे. त्या दिवशी अप्पांनी मला सासूबाईंची गोष्ट सांगितली, लिफ्टमध्ये अडकल्या होत्या ती. अप्पा नवीनच कामाला लागले होते. दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकलेली आणि फटीतून त्यांना फक्त सासूबाईंच्या चपला दिसत होत्या. एकीचा पट्टा तुटलेला, त्याला पिन लावलेली. तिथवरच आलो आणि अर्धा तास संपला."

"अगं आई, मला पुढचं सांगितलं!" चिऊ म्हणाली. "आजीने आतून विचारलं, तुम्हाला येतं का हे नक्की, की कोणाला बोलवू? आणि मग कितीतरी वेळ झाला तरी लिफ्ट हलेना, म्हणून तिने तिच्या डब्यातलं सफरचंद कापून अर्धं फटीतून आजोबांना दिलं. आणि ते गप्पा मारत बसले."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या एका कानात त्या दिवशी साहेब होते, पण दुसऱ्या कानाने काहीतरी आत ठेवून घेतलं होतं, ते आता वर आलं.

"मला म्हणाले," मी सावकाश म्हणालो, "की काम पहिल्या पाच मिनिटांतच झालं होतं. पुढचा सगळा वेळ ते उगाच पाना आपटत बसले होते."

अप्पा लाजले. ऐंशीच्या माणसाला मी पहिल्यांदाच लाजताना पाहिलं, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

सिस्टरने वही मिटली. "बरं, झालं तुमचं. आजोबा, आता पुढच्या वर्षीपर्यंत लस नाही हं, कोणी नेलं तरी यायचं नाही. आणि आज काही टोचलेलं नाही, तेव्हा बाकडं मोकळं करा, लोक उभे आहेत."

अप्पांचा चेहरा उतरला. बायकोने घड्याळ पाहिलं, तिचा दुसरा तास सुरू व्हायचा होता. चिऊने पर्स खांद्याला लावली. आम्ही उठलो. अप्पाही बाकड्याचा आधार शोधत अर्धवट उठले, आमच्या तिघांकडे एकेक करून पाहिलं आणि पुन्हा बसले.

"मला जरा गरगरल्यासारखं होतंय," ते म्हणाले.

त्यांचा रंग चांगला होता. श्वास चांगला होता. सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि रांगेतल्या लोकांसाठी पलीकडून दोन खुर्च्या ओढून आणल्या. "मग बसावं लागेल," त्या म्हणाल्या. "अर्धा तास तरी. सोबतच्यांनीही हलायचं नाही."

बायकोने पर्स खाली ठेवली. चिऊ बसली. मी फोन बंद केला आणि अप्पांच्या बाजूला टेकलो.

"मग अप्पा," बायको म्हणाली, "लिफ्ट केव्हाच दुरुस्त झाली होती, हे सासूबाईंना कधी कळलं?"

"तिला?" अप्पा म्हणाले. "तिला लगेच कळलं होतं. आतला दिवा लागला होता ना. पण तिने बटण दाबलंच नाही."